झुंबा, साल्सा, मेरेंगे: लॅटिन डान्स वर्कआउटबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी डोंबिवलीत सोसायटीच्या हॉलमध्ये डान्स फिटनेसच्या बॅचेस घेते. नवीन बॅच सुरू झाली की फोनवर तेच तेच प्रश्न येतात, आणि घाईघाईत फोनवर उत्तर दिलं की अर्धं सांगायचंच राहून जातं, म्हणून एकदा नीट बसून सगळं लिहून काढलंय. काही उत्तरं खूप मोठी झालीयेत, पण त्या गोष्टी मला खरंच महत्त्वाच्या वाटतात.

झुंबा म्हणजे नक्की काय? एरोबिक्सच ना?

हो, मुळात एरोबिक्सच. म्हणजे हातापायाचे मोठे स्नायू सलग बराच वेळ हलते ठेवायचे, हृदय आणि फुप्फुसं कामाला लावायची, पण धाप लागून थांबावं लागेल इतकं नाही. एरोबिक्स हा शब्द घराघरात नेला तो केनेथ कूपर या अमेरिकन डॉक्टरांनी, १९६८ साली. नाचातून व्यायाम हेही नवीन नाही, जॅझरसाइज १९६९ पासून आहे.

फरक कुठे आहे, तर जुन्या पद्धतीच्या एरोबिक्समध्ये बाई समोरून आकडे मोजतात आणि मागे गाणं नुसतं वाजत असतं, ते कुठलंही चालतं. इथे गाणंच सगळं ठरवतं. गाणं बदललं की ताल बदलतो, ताल बदलला की पाय बदलतात, कडवं चालू असताना जरा शांत स्टेप आणि धृपद आलं की जोरात, त्यामुळे दम लागणं आणि दम खाणं हे गाण्यातच बसवलेलं असतं. मी क्लासमध्ये फारसं बोलतही नाही, हातानेच खुणा करते, डावीकडे, मागे, अजून चार वेळा, एवढंच.

हे सुरू कुठे झालं? ब्राझीलमध्ये का?

नाही, कोलंबियात, काली नावाच्या शहरात. आल्बेर्तो पेरेस, ज्यांना सगळे बेतो म्हणतात, ते तिथे एरोबिक्स शिकवायचे. एकदा क्लासला आले आणि लक्षात आलं की नेहमीची कॅसेट घरीच राहिली. बॅगेत स्वतःच्या आवडीच्या साल्सा-मेरेंगेच्या कॅसेट होत्या, त्याच लावल्या आणि सुचेल तसं नाचवत क्लास पूर्ण केला. लोकांना तेच आवडलं. त्या क्लासला आधी रुंबासाइज म्हणायचे. मग बेतो अमेरिकेत मायामीला गेले, तिथे त्यांच्या क्लासला येणाऱ्या एका बाईंच्या मुलाने, आल्बेर्तो पर्लमनने, यात रस घेतला, त्याचा मित्र आल्बेर्तो आगियोन सोबत आला आणि २००१ मध्ये तीन आल्बेर्तोंनी मिळून झुंबा सुरू केलं. सुरुवातीला टीव्हीवर जाहिरात करून व्हिडिओ विकायचे, २००५ पासून शिकवणाऱ्यांना ट्रेनिंग आणि लायसन्स द्यायला लागले आणि मग ते जगभर पसरलं.

आता काली हे साधंसुधं गाव नाही हं. साल्साची राजधानी म्हणतात त्याला. डिसेंबरात २५ तारखेपासून तिथे मोठी जत्रा भरते, फेरिया दे काली, त्यात रस्त्यावर साल्साच्या मिरवणुका निघतात. तिथली साल्सा म्हणजे पायांचं काम इतकं भरभर की नुसतं बघत राहावं. त्यामुळे कॅसेट विसरणं हा योगायोग असला तरी बॅगेत साल्सा सापडणं हा काही योगायोग नव्हता.

मला सगळी गाणी सारखीच वाटतात. साल्सा कुठलं, मेरेंगे कुठलं, कसं ओळखायचं?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न आणि दुर्दैवाने सगळ्यात कमी विचारला जाणारा. आपल्याकडे सगळ्यालाच झुंबा म्हणून मोकळे होतात, पण झुंबा हे कंपनीचं नाव आहे, ताल नाही. ताल मुख्य चार, आणि ते चार कानाला कळायला लागले की स्टेप्स पाठ कराव्या लागत नाहीत.

मेरेंगे सगळ्यात सोपा. डोमिनिकन रिपब्लिक या बेटावरच्या देशाचा. दर ठोक्याला एक पाऊल, डावं उजवं डावं उजवं, शाळेच्या कवायतीसारखं, फक्त गुडघे मऊ. यात एक खरखर सतत ऐकू येते, ती गुइराची, गुइरा म्हणजे पत्र्याचं नळकांडं, अगदी आपल्या किसणीसारखं खडबडीत, त्यावर काटा घासतात. सोबत तांबोरा नावाचा दोन्हीकडून वाजवायचा ढोल आणि अकॉर्डियन. ही खरखर ऐकू आली आणि गाणं पळत असलं की डोळे झाकून मार्च सुरू करा. २०१६ मध्ये युनेस्कोने जगाच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत मेरेंगेला जागा दिली, याच देशातल्या बचाटा या दुसऱ्या नाचाला २०१९ मध्ये.

साल्साची मुळं क्युबातली, पण त्याला आजचं रूप आणि नाव मिळालं ते न्यूयॉर्कमध्ये, तिथल्या पोर्तो रिको आणि क्युबाच्या लोकांमध्ये, साठ-सत्तरच्या दशकात. आठ मात्रा मोजायच्या पण पाय सहाच वेळा टाकायचा: एक दोन तीन, थांब, पाच सहा सात, थांब. हा थांब जो आहे ना, तिथे सगळे चुकतात, कारण आपल्याला रिकामी जागा दिसली की पाय टाकायचाच असतो. ज्यांनी भजनी मंडळात टाळ धरलाय त्यांना मी सांगते, केरवा आठ मात्रांचाच आहे ना, तसंच मोजा, फक्त चौथ्या आणि आठव्या मात्रेला पाय शांत ठेवा. माझ्या बॅचमधल्या एक काकू याच पद्धतीने दोन दिवसांत शिकल्या आणि मोठमोठ्या पोरींना शिकवायला लागल्या.

कुंबिया कोलंबियाच्या कॅरिबियन किनाऱ्यावरचा. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांचे ढोल, तिथल्या मूळ लोकांच्या बासऱ्या आणि स्पॅनिश पेहराव असं तिन्ही मिळून तो झालाय. मूळ नाचात बाया एका हातात पेटत्या मेणबत्त्या आणि दुसऱ्या हाताने घागऱ्याचा घोळ धरून जमिनीला घासत पावलं टाकतात. क्लासमध्ये कुंबियाची जी ऊस तोडायची स्टेप असते, हात वर नेऊन तिरका खाली आणायचा, ती मी कोयत्याची स्टेप म्हणूनच शिकवते. आपल्याकडे ऊसतोड काय असते ते वेगळं सांगावं लागत नाही, आणि एकदा हातात कोयता आहे असं समजलं की हात आपोआप ताकदीने फिरतो, उगाच हवेत लोंबकळत नाही.

रेगेटॉन चौथा आणि सगळ्यात नवीन. पनामा आणि पोर्तो रिकोमध्ये वाढलेला, पण खालचा ठोका जमैकाचा, त्याला देमबो म्हणतात. बूम, च-बूम-चक, बूम, च-बूम-चक, पूर्ण गाणंभर तेच. यात अंग खाली ठेवायचं, गुडघ्यात वाकून, जवळजवळ अर्धं स्क्वॉट, म्हणून दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतात त्या रेगेटॉनमुळेच.

माझी कंबर हलतच नाही हो. काय करू?

कंबर हलवायचा प्रयत्न सोडा, हे पहिलं. शंभरातल्या नव्वद जणी कंबर धरून इकडे तिकडे ढकलतात, त्याने पाठ दुखते आणि दिसतंही अवघडलेलं. लॅटिन नाचात कंबर गुडघ्यातून हलते. उभं राहून करून बघा: दोन्ही पाय जवळ, डावा गुडघा थोडा वाकवा आणि उजवा सरळ करा, सगळं वजन उजव्या पायावर जाऊ द्या. उजवा कुल्ला आपोआप बाहेर गेला ना? आता उलट. हेच जरा जलद केलं की मेरेंगे झाला. पोट हलकं आत, छाती स्थिर, वजन पूर्ण एका पायावरून दुसऱ्यावर. अर्धवट वजन टाकलं की काहीच हलत नाही. ओट्यापाशी दूध तापायची वाट बघताना पाच मिनिटं केलं तरी आठवड्याभरात फरक दिसतो.

मला नाचता येत नाही, लोक हसतील.

कोणी बघत नाही, प्रत्येकजण स्वतःचा डावा-उजवा शोधत असतो. स्टेप चुकली तर जागेवर मार्च करत राहा, पुढच्या धृपदाला तीच स्टेप परत येणार आहे. आणि नाच येत नाही असं म्हणणाऱ्या बऱ्याच जणींनी मंगळागौरीला रात्र रात्र झिम्मा-फुगड्या घातलेल्या असतात. तोही घोळक्याने केलेला दमसासाचा व्यायामच आहे, त्याला कोणी कधी वर्कआउट म्हटलं नाही एवढंच.

एका क्लासमध्ये किती कॅलरी जळतात?

जाहिरातीत हजार वगैरे लिहिलेलं असतं त्यावर जाऊ नका. २०१२ मध्ये अमेरिकन कौन्सिल ऑन एक्सरसाइजसाठी विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ला क्रॉस इथल्या केंद्रात मोजणी केली होती, १९ निरोगी तरुण मुलींवर. सरासरी मिनिटाला साडेनऊ कॅलरी, म्हणजे साधारण ४० मिनिटांच्या क्लासला ३६९. हृदयाचे ठोके सरासरी १५४, म्हणजे त्यांच्या कमाल ठोक्यांच्या ८० टक्क्यांच्या आसपास. हा चांगला दणकट व्यायाम झाला. पण एक लक्षात घ्या, त्या मुली १८ ते २२ वर्षांच्या होत्या, नाचायला सरावलेल्या होत्या, आणि फक्त १९ होत्या. तुमचं वजन, वय आणि तुम्ही किती मनापासून पाय उचलता यावर आकडा बदलणार.

मग महिन्याभरात वजन उतरेल ना?

नुसत्या क्लासवर फार नाही. क्लास संपल्यावर टपरीवर वडापाव आणि गोड चहा झाला की जळलेलं बरंचसं परत आलं. तरी वजनकाट्याच्या आधी दुसऱ्या गोष्टी बदलतात. जिना चढताना धाप कमी लागते, झोप लागते, कंबरेचा घेर थोडा कमी होतो. माझं कळकळीचं सांगणं आहे की पहिले दोन महिने काट्यावर उभंच राहू नका, कारण काटा हलला नाही म्हणून सोडून गेलेल्या आणि खरं तर तब्येत सुधारत असलेल्या खूप बायका मी बघितल्यात आणि दर वेळी वाईट वाटतं.

आठवड्यातून किती दिवस करायचं?

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराचा. तासाचे तीन क्लास केले की बसतं. सोबत आठवड्यातून दोन दिवस ताकदीचे व्यायामही त्यांनी सांगितलेत, आणि ते झुंबात पुरेसे होत नाहीत, हे मी क्लास घेणारी असूनही स्पष्ट सांगते. चाळिशीनंतर स्नायू कमी होत जातात, त्यामुळे डंबेल, उठाबशा, भिंतीला टेकून पुशअप, काहीतरी हवंच. नव्याने सुरू करत असाल तर रोज येऊ नका, एक दिवसाआड या.

जास्त होतंय की कमी, कसं कळणार? स्मार्टवॉच घ्यावं का?

घड्याळ असेल तर उत्तम, नसेल तर तोंड आहे. बोलता येतंय पण गाता येत नाही, हा मध्यम. दोन-चार शब्दांच्या पुढे बोलता येत नाही, हा जोराचा. एक शब्दही निघत नसेल तर पावलं लहान टाका आणि हात खाली घ्या. हात डोक्याच्या वर गेले की ठोके वाढतात, खाली आणले की उतरतात, ही सगळ्यात सोपी कळ आहे.

आकडा हवाच असेल तर २२० वजा वय हा ढोबळ हिशोब. ४५ वर्षांच्या बाईचे कमाल ठोके १७५, त्याचे ८० टक्के १४०. पण बीपीसाठी बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके हळू करणारी) गोळी चालू असेल तर ठोके फारसे वाढत नाहीत, घड्याळ कमी दाखवतं आणि माणूस उगाच जोर लावत राहतो. अशांनी बोलून बघायची परीक्षाच वापरावी.

गुडघे दुखतात. यावं की नाही?

बऱ्याचदा येता येतं. गुडघ्याला त्रास नाचाचा कमी आणि उड्यांचा, गिरक्यांचा जास्त. प्रत्येक उडीला पर्याय असतो, उडीच्या जागी नुसती टाच उचला, गिरकीच्या जागी चार पावलांत चालत वळा. घात होतो तो पाय जमिनीला चिकटलेला असताना वरचं अंग फिरवल्याने. चवडा आणि गुडघा एकाच दिशेला हवेत, नेहमी. सूज असेल, गुडघा मध्येच अडकत असेल किंवा दगा देत असेल तर आधी हाडाच्या डॉक्टरांकडे जा.

बूट कुठले? रनिंग शूज आहेत घरात.

घरात आहेत म्हणून तेच घालू नका. मीही शिकत असताना तेच केलं होतं, दुसऱ्या एका क्लासमध्ये, कोणी अडवलंही नाही. साल्साच्या वळणाला खालची पकड सुटली नाही, पाय तिथेच राहिला आणि गुडघा फिरला, सहा आठवडे घरी बसले. रनिंगचे बूट सरळ पुढे धावण्यासाठी असतात, खालची नक्षी जमीन पकडून ठेवते आणि बाजूला आधार कमी असतो. आपल्याला सगळं आडवंच जायचंय. तळ सपाट, हलके, बाजूने घट्ट असे ट्रेनिंगचे किंवा डान्सचे बूट घ्या. अनवाणी टाइल्सवर नको, टाचा दुखायला लागतात. आणि पावसाळ्यात घामाने फरशी निसरडी होते, पुसायचं फडकं मी हॉलमध्ये ठेवलेलंच असतं, बिनधास्त वापरा.

बीपी, शुगर आहे. गरोदर आहे. चालेल का?

डॉक्टरांना विचारून, आणि मला सांगून. लपवू नका, मला माहीत असेल तर मी तुमच्यावर लक्ष ठेवते. बीपी ताब्यात असेल तर असा व्यायाम सहसा फायद्याचाच असतो. शुगरसाठी इन्सुलिन किंवा शुगर खाली आणणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर नाचताना शुगर एकदम उतरू शकते, थरथर, थंड घाम, डोळ्यांपुढे अंधारी. ग्लुकोजची पुडी किंवा साखर जवळ ठेवाच. गरोदरपणात सगळं सुरळीत असेल आणि डॉक्टरांनी हो म्हटलं असेल तर हलकी हालचाल चांगली, पण उड्या आणि गिरक्या बंद. छातीत दुखलं, दाब आल्यासारखं वाटलं, चक्कर आली तर गाणं संपायची वाट न बघता थांबायचं आणि मला हाक मारायची.

विचारायला लाज वाटते, पण उडी मारताना लघवीचे थेंब गळतात...

लाज वाटून घेऊ नका, बाळंतपण झालेल्या कितीतरी जणींना होतं, फक्त कोणी बोलत नाही आणि गुपचूप क्लास सोडतात. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडलेले असतात. लघवी अडवताना जे स्नायू आवळतो तेच बसल्या जागी आवळून सोडायचा रोज सराव करायचा, याला केगल म्हणतात, काही आठवडे नेमाने केलं की बऱ्याच जणींना आराम पडतो. तोपर्यंत उड्या टाळा. कमी झालं नाही तर स्त्रीरोगतज्ज्ञांना किंवा या विषयातल्या फिजिओथेरपिस्टना दाखवा, इलाज आहे.

आईला आणू का? ६८ वर्षांची आहे.

आणा की. मोठ्या वयासाठी झुंबा गोल्ड नावाचा वेगळा प्रकारच आहे, तेच ताल पण चाल धीमी, उड्या नाहीत, खुर्चीत बसूनही करता येतं. पाण्यात करायचा अॅक्वा झुंबाही असतो, पण त्याला तरणतलाव हवा.

पुरुष येऊ शकतात?

अर्थातच. सुरू करणारे तिघेही पुरुषच. काली शहरात साल्सा न येणाऱ्या माणसाकडेच लोक वळून बघतात. आपल्याकडे गणपतीत तासभर नाचणारे काका क्लासच्या दाराशी येऊन परत जातात, त्यांनी आत यावं अशी माझी मनापासून इच्छा आहे.

खाऊन यायचं की उपाशी?

तासभर आधी केळं किंवा थोडे पोहे. जेवून दोन तास झालेले हवेत. पाणी मध्ये मध्ये घोट घोट, मे महिन्यात संपल्यावर मीठ-साखर घातलेलं लिंबू सरबत.

क्लासमध्ये हिंदी-मराठी गाणी का लावता? किंवा, जास्त का लावत नाही?

दोन्ही बाजूंनी ओरडा असतो! मी थोडी लावते. पण स्टेप तालाला शोभली पाहिजे यावर मी अडून बसते. बऱ्याच कोळीगीतांचा झोका तीन-तीनचा असतो, त्यावर मेरेंगेचा मार्च लादला की पाय आणि गाणं भांडत राहतात, मग त्या गाण्यावर होडीसारखं डोलणंच बरं. आणि सगळीच ओळखीची गाणी लावली तर तुम्ही शब्दांवर नाचता, ठोका ऐकतच नाही. भाषा कळत नसली की कान आपोआप ढोलाकडे जातो. म्हणून लॅटिन गाणी जास्त.

चांगला क्लास कसा ओळखायचा?

झुंबा नाव लावायचं तर शिकवणाऱ्याकडे लायसन्स लागतं, बिनधास्त विचारा. लायसन्स नसलेला पण लॅटिन फिटनेस छान शिकवणारा माणूसही असतो, त्यामुळे ट्रायलला जाऊन बघा. सुरुवातीला वॉर्मअप आणि शेवटी कूलडाऊन आहे का, उड्यांना पर्याय दाखवतात का, नवीन माणसाला दुखणंखुपणं विचारतात का. आवाज इतका मोठा असेल की बाजूच्या बाईशी ओरडून बोलावं लागतंय, तर कमी करायला सांगा, कानांचं नुकसान भरून येत नाही.

घरी व्हिडिओ बघून केलं तर?

करा ना, काहीच न करण्यापेक्षा कितीतरी चांगलं. फक्त व्हिडिओतली बाई आरशासारखी करतेय की उलटी ते आधी बघा, आणि खालच्या मजल्यावरच्यांचा विचार करून उड्या टाळा. एकट्याने केलं की वीस मिनिटांत मन उडतं हा मात्र माझा अनुभव आहे, बाजूला चार जणी घामाघूम होत असल्या की पाय ओढले जातात.

पहिल्या दिवशी कुठे उभं राहू? शेवटी राहिलं तर चालेल ना?

शेवटी नको. नवीन माणसं हमखास शेवटच्या रांगेत जातात, आणि मग कुंबियामध्ये सगळे मागे वळले की तीच रांग पहिली होते आणि पुढे बघायला कोणी उरत नाही. दुसऱ्या रांगेत उभ्या राहा, जरा कडेला, म्हणजे माझे पायही दिसतील आणि वळल्यावर मागच्या जुन्या मुलींचेही.